घरचा ग्रंथसंग्रह आणि त्याचा वारसा

१

मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना ग्रंथकाराचा विचार होतो, मुद्रकाचा आणि प्रकाशकाचा होतो; अलीकडे वाचकाचाही होऊ लागला आहे. परंतु ज्याने ग्रंथ विकत घेतला, त्याला पुठ्ठा चढविला, पहिल्या पानावर आपले नाव आणि खरेदीची तारीख घातली आणि दर पावसाळ्यानंतर तो उन्हाला दाखविला, त्या गृहस्थाला या इतिहासात स्वतंत्र स्थान मिळालेले नाही. फार तर एखाद्या प्रस्तावनेत त्याचे आभार मानलेले आढळतात आणि तेथेच त्याचे कार्य संपले असे समजले जाते.

या उपेक्षेचे कारण उघड आहे. ग्रंथाच्या प्रकाशनाची नोंद होते. सार्वजनिक ग्रंथालयाला स्थापनेची तिथी असते, वार्षिक वृत्तांत असतो. घरातील कपाटाला वृत्तांत नसतो. ते भरत गेले त्याची नोंद नसते, आणि ते रिकामे झाले तीही कोणी ठेवीत नाही. तथापि ज्या संस्थांच्या आधारावर मराठीतील संशोधन आज उभे आहे, त्यांतील पुष्कळांच्या मुळाशी कोणाचे तरी घर आहे, ही गोष्ट विसरता येत नाही. सार्वजनिक ग्रंथसंग्रह हा बहुधा खाजगी संग्रहाचा उत्तरकाळ असतो. म्हणून घरचा संग्रह कसा जमतो यापेक्षाही तो घरातून बाहेर कसा जातो, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो.

हा प्रश्न पुण्यातील एखाद्या वाड्यापेक्षा महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या पोलादाच्या गावात अधिक स्वच्छ दिसतो. भिलाईचा सेक्टर १० हे त्याचे चांगले उदाहरण आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबरच कामगारांची आणि अधिकाऱ्यांची वसाहत आखली गेली आणि तिच्या भागांना नावांऐवजी क्रमांक मिळाले. त्या क्रमांकांतला दहावा हा सेक्टर. येथील घर म्हणजे 'क्वार्टर': नोकरीबरोबर मिळणारे आणि नोकरी संपली की परत करावयाचे. पुढे वसाहतीतील काही घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली हे खरे. पण वसाहतीचा मूळ स्वभाव त्यामुळे बदलला नाही. वाड्यात राहणाऱ्याला आपल्या पुस्तकांचे पुढे काय होणार हा प्रश्न पुढच्या पिढीवर ढकलता येतो. क्वार्टरमध्ये पुस्तके जमविणाऱ्यापुढे तो निवृत्तीच्या तारखेसह उभा असतो. भिंत आपली नाही, कपाट तेवढे आपले, अशी ही स्थिती आहे. वाड्यामुळे झाकली जाणारी गोष्ट ती उघडी करते: कोणत्याही संग्रहाचे घर हे शेवटी तात्पुरतेच असते.

मराठी घराने या प्रश्नाला निरनिराळ्या काळी कोणती उत्तरे दिली, हे प्रथम पाहणे अवश्य आहे. मगच सेक्टर १० मधील कपाटाकडे परत येता येईल.

२

मुद्रणापूर्वीच्या काळात ग्रंथ हा घरात येत नसे, तो घरात घडत असे. पोथी उतरवून घेणे हे विद्येचे काम होते आणि पुण्याचेही. ती रुमालात बांधून ठेवली जाई. तिच्या शेवटी लेखनाचा शक, तिथी आणि लेखकाचे नाव असे. अनेक पोथ्यांच्या समाप्तीला पोथीच स्वतःच्या तोंडाने विनविते, असा एक संकेत आढळतो: तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला वाचवा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. या विनवणीचा क्रम अर्थपूर्ण आहे. पहिली तीन संकटे भौतिक आहेत आणि त्यांवर उपाय आहे. चौथे संकट वारसाचे आहे. ग्रंथाचा नाश ज्या कारणांनी होतो त्यांत अयोग्य हाती पडणे हे जुन्या लेखकाने वाळवीच्या आणि ओलीच्या पंक्तीत बसविले होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पोथीच्या काळातील संग्रहाला वारसाची व्यवस्था आपोआप लाभत असे. विद्या घराण्यात चालत असे आणि पोथ्या विद्येबरोबर चालत. पुराणिकाचा मुलगा पुराणिक होई, वैद्याचा मुलगा वैद्य. त्यामुळे संग्रह वाचणारा माणूस घरातच तयार होत असे. ही साखळी तुटली की संग्रह मुका होतो. मोडी वाचणारा माणूस घरात उरला नाही, तेव्हा कित्येक दप्तरांची गत रद्दीची झाली. कागद जिवंत होता, लिपी मात्र घरातून गेली होती.

या काळातील मराठी संग्रहाचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रात नाही, ते तंजावरात आहे. नायक राजांच्या वेळेपासून चालत आलेल्या तेथील राजग्रंथालयाला दुसऱ्या सरफोजीने (राज्यकाल १७९८ ते १८३२) जे रूप दिले, ते एका राजाच्या वैभवाचे आहे त्यापेक्षा एका छांदिष्ट माणसाच्या आवडीचे अधिक आहे. १८२० च्या सुमारास तो काशीयात्रेस गेला, तेव्हा वाटेतून आणि काशीहून त्याने हस्तलिखिते मिळविली. युरोपीय भाषांतील वैद्यक, वनस्पतिशास्त्र, कला यांवरील छापील पुस्तके त्याने मागविली आणि त्यांतील पुष्कळांवर स्वतःची सही केली. राजाने पुस्तकावर सही करावी याला व्यवहारात काही कारण नाही, कारण राजवाड्यातले सर्वच राजाचे असते. ती सही राजाची नव्हे, वाचकाची आहे. १८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले. तरीही संग्रह टिकला आणि १९१८ मध्ये तो सार्वजनिक झाला. आज 'सरस्वती महाल' या नावाने तो ओळखला जातो. राज्य गेले, भाषा भोवतालच्या तमिळात घरापुरती राहिली, आणि मराठी हस्तलिखिते मात्र एकत्र राहिली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संग्रहाची भवितव्ये ज्यांना अजमावावयाची असतील, त्यांनी या उदाहरणापासून आरंभ करावा.

३

मुद्रणाने हे सर्व बदलले. पण बदल एकदम झाला नाही. १८०५ मध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण छापले गेले, किंवा १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर पंचांग छापले, तेव्हा सामान्य घरात ग्रंथसंग्रह निर्माण झाला असे म्हणता येणार नाही. छापील पोथीला शाईत चरबी असल्याच्या समजुतीने सोवळ्यात जागा मिळत नव्हती. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने (स्थापना १८६९) सुबक टाइप आणि शुद्ध मुद्रण यांची जोड घातली, त्यानंतर छापील ग्रंथाची प्रतिष्ठा वाढत गेली. पोथी रुमालातून बाहेर येऊन फळीवर उभी राहिली, आणि तिच्या पाठीवर नाव छापले जाऊ लागले. हा बदल दिसावयास लहान आहे; परंतु बांधलेल्या ग्रंथाचे दर्शन सणावारी होते, उभ्या ग्रंथाचे रोज होते. घरातल्या मुलाला न उघडलेल्या पुस्तकांचीही नावे पाठ होऊ लागली, ती येथून.

पुढे नियतकालिके आली. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मासिक मनोरंजन'ने (१८९५) मध्यमवर्गीय घराला नियमित वाचनाची सवय लावली आणि १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढून मराठी गृहस्थाच्या हाती एक नवाच संग्राह्य पदार्थ दिला. दिवाळी अंक हा पुस्तकही नव्हे आणि वृत्तपत्रही नव्हे. तो वाचून टाकून देववत नाही आणि जपून ठेवावयाचा तर वर्षाला वीतभर जागा खातो. वर्षाचे अंक एकत्र शिवून घेणे, त्यांची बांधणी करणे, अनुक्रमणिका आपल्या हाताने लिहिणे, ही घरगुती संपादकाची कामे त्यातूनच सुरू झाली. मराठी कथेच्या आणि कवितेच्या अनेक पहिल्या मुद्रणांचा पत्ता आज अशा घरगुती बाडांतच लागतो.

घरचा संग्रह ही केवळ आवड न राहता तो एक सामाजिक संकल्प कसा झाला, हे श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'वरून दिसते. या कार्याची सुरुवात नागपुरात झाली आणि पुढे ते पुण्यास आले. १९२० नंतरच्या दशकात त्याचे २३ खंड प्रसिद्ध झाले. त्यामागे सरकारी खजिना किंवा विद्यापीठ नव्हते. भागधारक आणि वर्गणीदार यांच्या भरवशावर तो उभा होता. म्हणजे, ग्रंथ लिहून होण्यापूर्वीच त्याची किंमत भरणारी घरे होती. ज्ञानकोशाचा इतिहास केतकरांच्या विद्वत्तेचा आहे तितकाच त्या घरांचाही आहे. एखाद्या वकिलाने वा मामलेदाराने आपल्या दिवाणखान्यात हे खंड लावले, तेव्हा त्याने ते सर्व वाचले असे नव्हे. आपल्या भाषेत सर्व ज्ञान असावयास हवे आणि ते आपल्या घरात असावयास हवे, या श्रद्धेची ती खरेदी होती. न वाचलेल्या ग्रंथांचा उपहास करणाऱ्यांनी या श्रद्धेचा विचार करावयास हवा. पुष्कळदा एक पिढी विकत घेते आणि दुसरी वाचते. घरच्या संग्रहाची वाटचाल अशीच होत असते.

४

येथवर आवडीने पुस्तके घेणाऱ्या गृहस्थाचा विचार झाला. संग्राहक हा त्याच्या पुढचा टप्पा. मराठीत 'छंद' हा शब्द मोठा अर्थवाही आहे: कवितेच्या वृत्तालाही छंद म्हणतात आणि माणसाच्या ओढीलाही. दोन्ही ठिकाणी पुनरावृत्ती आहे, आणि दोन्ही ठिकाणी पुनरावृत्तीतून आनंद आहे. एक नाणे मिळाले म्हणजे दुसऱ्याची जागा रिकामी दिसू लागते. मालिकेतील तीन खंड हाती आले की चौथा हरवल्याप्रमाणे वाटू लागतो, जरी तो कधीच आपला नव्हता. ही रिकामी जागा दिसणे हेच संग्राहकाचे लक्षण. साठवणाऱ्याला जवळ असलेले दिसते. संग्राहकाला नसलेले दिसते.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे या वृत्तीचे महाराष्ट्रातील सर्वांत उग्र उदाहरण होय. वाईतील एका घरात जुने कागद त्यांच्या हाती आले आणि त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. या मालेचे २२ खंड झाले. त्यांसाठी राजवाडे ज्या वाटा चालले त्या घराघरांच्या होत्या. माळ्यावरचे दप्तर, देव्हाऱ्यामागची पेटी, वाण्याकडे पुडी बांधावयास निघालेला कागद, या त्यांच्या खाणी होत्या. घरमालकाला आपल्या दप्तराची किंमत दोन चुकीच्या रीतींनी कळत असे: एक तर तो ते रद्दी समजे, नाही तर त्यात जमिनीचा हक्क दडला आहे या भयाने ते कोणास दाखवीत नसे. राजवाड्यांनी त्या कागदांत तिसरी किंमत पाहिली. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. पुढे ते त्यापासून दूर झाले आणि आयुष्याच्या अखेरीस धुळ्यास राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचा मृत्यू झाला आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांचे कागद सांभाळण्यासाठी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. ज्याला स्वतःचे घर असे फारसे उरले नव्हते, त्याच्या कागदांना गावाने घर दिले.

साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचा मार्ग वेगळा होता. कागदपत्रांबरोबर चित्रे, नकाशे, दुर्मिळ इंग्रजी ग्रंथ यांचीही त्यांना ओढ होती, आणि राजेरजवाडे व सरकारी अधिकारी यांच्याशी जुळवून घेण्याची हातोटी होती. राजवाड्यांच्या अनुयायांना ती रुचत नसे. परंतु त्यांच्या संग्रहासाठी १९२५ मध्ये साताऱ्यात वस्तुसंग्रहालय झाले, आणि १९३९ मध्ये तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. दोघांच्या स्वभावांतील अंतर कितीही असो, परिणाम सारखा आहे: व्यक्तीच्या हयातीत किंवा तिच्यामागून लगेच संग्रहाला संस्थेचे छप्पर मिळाले. जेथे हा वेळ साधला गेला नाही, तेथे काय झाले याची उदाहरणे नावानिशी देता येत नाहीत. कारण नष्ट झालेल्या संग्रहाचे नावही बहुधा उरत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील घरे बुडाली. त्या घरांतील कपाटांत काय काय होते, याची यादी कोणाजवळ नव्हती.

संग्रहाच्या आनंदाचे आणि दुःखाचे सर्वांत हृद्य उदाहरण दिनकर गंगाधर केळकर यांचे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारा हा पुणेकर चष्म्यांच्या दुकानावर उपजीविका करीत असे, आणि जुन्या वस्तूंच्या मागे गावोगाव हिंडत असे. त्याने तलवारी थोड्या गोळा केल्या आणि अडकित्ते फार. दिवे, दौती, करंडे, वाद्ये, कोरीव दरवाजे, स्वयंपाकघरातील भांडी, अशा ज्या वस्तूंना इतिहासाने दारात उभे केले नव्हते त्यांना त्याने घरात घेतले. पत्नी कमलाबाई या उद्योगात त्यांच्या बरोबरीने होत्या. मुलगा राजा लहान वयात गेला, आणि संग्रहाला त्याचे नाव देण्यात आले. वीस हजारांवर गेलेल्या या वस्तू १९७५ मध्ये केळकरांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केल्या. वारसाने संग्रह सांभाळावा ही जगाची रीत. येथे संग्रहाने वारसाचे नाव सांभाळले. छंदाला रिकामपणचा उद्योग म्हणणाऱ्यांना याहून अधिक उत्तर देण्याचे कारण नाही.

५

जर्मन समीक्षक वॉल्टर बेन्यामिन याने १९३१ मध्ये आपली पुस्तके खोक्यांतून काढीत असताना सुचलेल्या विचारांवर एक निबंध लिहिला. संग्रहाचा खरा अर्थ त्याच्या मालकाबरोबरच संपतो. सार्वजनिक झालेला संग्रह समाजाला अधिक उपयोगी पडेल, पण वस्तूंना न्याय मिळतो तो खाजगी संग्रहातच, असे त्याचे प्रतिपादन आहे. हे मत मोहक आहे आणि अर्धे खरे आहे. कोणते पुस्तक कोणत्या दुकानात, कोणत्या पावसात, किती पैसे खिशात असताना मिळाले, ही स्मृती ग्रंथालयाच्या शिक्क्याखाली पुसली जाते यात शंका नाही. परंतु ज्या समाजात ग्रंथ जवळ असणे हाच काही जातींना शतकानुशतके नाकारलेला हक्क होता, तेथे खाजगी संग्रहाचा अर्थ इतका व्यक्तिगत राहू शकत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथसंग्रहाचा इतिहास याची साक्ष देतो. न्यू यॉर्कमध्ये शिकत असताना, तुटपुंज्या शिष्यवृत्तीत, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके घेतली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९१७ मध्ये लंडनहून परतताना त्यांचे ग्रंथ ज्या जहाजाने पाठविले होते ते महायुद्धात पाणतीराने बुडाले. संग्राहकाच्या आयुष्यात याहून मोठा आघात कल्पिणे कठीण. आणि तरीही संग्रह पुन्हा सुरू झाला. १९३० नंतरच्या काही वर्षांत दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले गेले, तेव्हा त्याच्या आखणीतच ग्रंथांची जागा धरलेली होती. माणसे राहावयाच्या घरात पुस्तकांना कोपरा मिळतो, असा सर्वसाधारण अनुभव. येथे ग्रंथांच्या घरात माणसे राहिली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पुढे १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, आणि बाबासाहेबांच्या ग्रंथांचा मोठा भाग त्या महाविद्यालयाकडे गेला. ज्या मुलांच्या घरी एकही पुस्तक नव्हते त्यांच्यासाठी एका घरातील पुस्तके बाहेर पडली. बेन्यामिनच्या मताने येथे संग्रहाचा अर्थ संपावयास हवा होता. वस्तुतः येथे तो पूर्ण झाला.

इंग्लंडातील सॅम्युएल पीप्स याने दुसराच तोडगा काढला होता. आपल्या सुमारे तीन हजार ग्रंथांत काहीही मिळवू नये आणि काहीही काढू नये, अशी अट घालून त्याने ते केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजकडे जाण्याची व्यवस्था केली, आणि आजही ते त्याच्याच कपाटांत त्याच्याच क्रमाने आहेत. मराठी दात्यांजवळ अशी अट घालण्याइतका विश्वास क्वचितच आढळतो; येथील ग्रंथालयांजवळ ती पाळण्याइतकी जागा त्याहून क्वचित. दान केलेले दोनशे ग्रंथ विषयवार वाटले जातात आणि दात्याची निवड, जी एक स्वतंत्र कृती होती, ती दिसेनाशी होते. यावर एकच स्वस्त उपाय आहे, आणि तो म्हणजे यादी.

यादीचे महत्त्व शंकर गणेश दात्यांइतके कोणी ओळखले नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये स्थापन झाले, ते मराठी ग्रंथ एकत्र आणण्याच्या हेतूने. दात्यांनी ग्रंथांऐवजी त्यांच्या नोंदी जमविल्या. १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतील मराठी ग्रंथांची सूची त्यांनी दोन भागांत सिद्ध केली. दुसरा भाग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९६४ मध्ये ते निवर्तले. एका अर्थाने तेही संग्राहकच; फक्त त्यांचा संग्रह कपाटात मावत नव्हता आणि पुरात बुडत नव्हता. एखादे दुर्मिळ पुस्तक नष्ट झाले तरी ते होते हे दात्यांमुळे कळते. मराठी ग्रंथाला त्यांनी घर दिले नाही. त्याला पत्ता दिला.

६

आता भिलाईकडे परत वळता येईल. छत्तीसगडात मराठी ही पाहुणी भाषा नव्हे. हा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरच्या भोसल्यांकडे होता, नंतर मध्यप्रांतात आला, आणि स्वातंत्र्यानंतरही नागपूर हीच राजधानी राहिली. त्या राज्यात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचना झाली. नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले, दुर्ग जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि १ नोव्हेंबर २००० पासून तो छत्तीसगडात आहे. ज्या वर्षांत भिलाईची भट्टी उभी राहत होती, त्याच वर्षांत मराठी तेथील कचेरीतून निघून घरात आली, हा योगायोग साधा नाही. नोकरीसाठी तेथे गेलेल्या मराठी कुटुंबाला कारखान्यात हिंदी व इंग्रजी होती, सोव्हिएत तज्ज्ञांमुळे कानांवर रशियन होती, शेजारी बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी होती. मराठी उरली ती स्वयंपाकघरात, देवघरात, आणि पुस्तकांच्या कपाटात. यांपैकी पहिल्या दोन ठिकाणची मराठी बोलण्याची होती. वाचण्याची मराठी एकट्या कपाटाने सांभाळावयाची होती. पुण्यातील घरचा संग्रह ग्रंथालयाला पूरक असतो. येथे तो शाळा, ग्रंथालय आणि गाव या तिन्हींच्या जागी उभा राहतो.

या भूमीत मराठी घराने हिंदीला काय दिले, याचाही हिशेब घरच्या पुस्तकांतूनच लागतो. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' काढले आणि पुढे रामदासांचा 'दासबोध' व टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. ज्याच्या घरी मराठी वाचली जात होती त्यालाच हे कार्य सुचणे शक्य होते. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात आले आणि १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच होते. ते गाव भिलाईच्याच रेल्वेमार्गावर आहे. ते हिंदीचे कवी झाले आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीचे. एका घरातील दोन भावांनी दोन भाषांची कविता लिहावी, हे ज्या प्रदेशात घडते तेथे ग्रंथसंग्रहही एकभाषी राहू शकत नाही, आणि राहू नये.

भिलाईसारख्या गावातील कपाटाला आणखी एक विशेष लाभला. सोव्हिएत प्रकाशनसंस्थांची स्वस्त पुस्तके त्या काळी भारतभर मिळत. मॉस्कोच्या 'मीर'ची विज्ञान व गणिताची पुस्तके अभियंत्याच्या उपयोगाची होती, आणि अनिल हवालदार यांच्यासारख्या अनुवादकांमुळे रशियन बालकथा थेट मराठीत येत होत्या. रशियन यंत्रांवर काम करणाऱ्या घराला ही पुस्तके परकी वाटण्याचे कारण नव्हते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला, आणि पुस्तके येणे थांबले. काल जी सर्वांत स्वस्त म्हणून घेतली जात, ती आज शोधून काढावी लागतात. संग्राह्यतेचा हा नियमच आहे: जे सर्वत्र मिळते ते कोणी जपत नाही, आणि म्हणून तेच प्रथम दुर्मिळ होते. जुना राजपत्रित ग्रंथ कोठे तरी सापडेल. मुलाने रंगविलेले बालपुस्तक एखाद्या क्वार्टरमध्येच सापडेल.

या कपाटापुढील संकट कोणते? घर सोडावे लागते हे एक. पण ते लहान संकट आहे, कारण खोकी भरता येतात. मोठे संकट ते, जे पोथीच्या लेखकाने चौथ्या क्रमांकावर ठेवले होते. सेक्टर १० मधील शाळेत शिकलेली पिढी भौतिकी आणि गणिताच्या बळावर देशभर व देशाबाहेर गेली. ती मूर्ख नाही. मराठी ग्रंथ मात्र तिच्यापैकी पुष्कळांना सहज वाचता येत नाही. मोडीच्या वेळी लिपी घरातून गेली होती. येथे लिपी हिंदीमुळे राहिली आहे आणि वाचनाची सवय गेली आहे. हे अंतर मोडीच्या अंतरापेक्षा कमी आहे, आणि म्हणून आशेला जागा आहे. देवनागरी येणाऱ्या आणि आजीची मराठी कानांवर असणाऱ्या माणसाला फळीवरचे पुस्तक उघडण्यासाठी केवळ एक निमित्त लागते.

असे निमित्त कसे निर्माण होते, याचा एक धडा भोपाळात आहे. १९८४ मध्ये तेथे माधवराव सप्रे यांच्या नावाने वृत्तपत्रांचे संग्रहालय स्थापन झाले, आणि घरोघरी पडून राहिलेली जुनी पत्रे, मासिके व कागद त्यात येत गेले. देणाऱ्यांना आपल्या माळ्यावरील गठ्ठ्याचे मोल तो मागावयास कोणी आले तेव्हा कळले. मागणारा आला की रद्दीचा संग्रह होतो. राजवाड्यांच्या काळी जे घडले तेच येथे घडले. मराठीसाठी असा मागणारा महाराष्ट्राबाहेर अजून पुरेसा निघालेला नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील जुन्या वस्त्यांविषयी निदान आस्था आहे. भिलाई, रुरकेला, बोकारो यांसारख्या नव्या औद्योगिक गावांतील मराठी कपाटांकडे साहित्यसंस्थांचे लक्ष गेलेले नाही, कारण त्यांना इतिहास आहे असे कोणाला वाटत नाही. परंतु १९५९ पासून मोजले तरी आता साठांहून अधिक वर्षे झाली. तंजावरचा सरफोजी ज्या संग्रहावर सही करीत होता, तोही त्याच्या काळात नवाच होता.

म्हणून घरचा ग्रंथसंग्रह उभारणाऱ्याचे कर्तव्य खरेदीने आणि बांधणीने संपत नाही. त्याला दोन गोष्टी आणखी कराव्या लागतात, आणि दोन्ही आनंदाच्याच आहेत. एक, यादी: कोणते पुस्तक, केव्हा आणि कोठे घेतले, कोणी दिले, याची साधी वही, दात्यांच्या सूचीची घरगुती आवृत्ती. दुसरी, हयातीतच वारस नेमणे. तो मुलगा असेल, शेजारचा विद्यार्थी असेल, एखादे महाविद्यालय असेल, किंवा शंभर मैलांवरचे ग्रंथालय असेल. वारस रक्ताचा असावा असा नियम राजवाड्यांच्या, केळकरांच्या किंवा आंबेडकरांच्या संग्रहांनी पाळलेला नाही. क्वार्टरची किल्ली परत करण्याचा दिवस ठरलेला असतो, यात खिन्न होण्यासारखे काही नाही. ज्या घराला हा दिवस ठाऊक आहे, ते वेळेवर वही लिहावयास बसते. वाड्यांनी ती बहुधा लिहिली नाही.